'ओकीज मूव्ही'च्या चारही भागांत तीच माणसं आहेत का?

हा सिनेमा पहिल्यांदा बघताना मीही तुमच्यासारखाच कागदपेन्सिल घेऊन बसलो होतो. पहिल्या भागातला दिग्दर्शक जिंगू म्हणजे दुसऱ्यातला विद्यार्थी जिंगूच ना? मग साँगसर मास्तरकी सोडतात ती कधी? हिशेब काही लागेना. नट तेच, नावं तीच, पण एका भागातली गोष्ट दुसऱ्यात बसत नाही.

कोरियन दिग्दर्शक हाँग सांग-सूचा हा २०१० चा सिनेमा आहे ८० मिनिटांचा, पण त्यात चार छोटे सिनेमे. प्रत्येकाची श्रेयनामावली वेगळी आणि तिच्यावर दर वेळी इंग्रज संगीतकार एल्गारचं तेच भारदस्त मार्च-संगीत. एवढं वाजतगाजत येतं कोण, तर सिनेमा शिकवणारा एक मास्तर, एक विद्यार्थी आणि दोघांत अडकलेली ओकी!

पहिले तीन भाग मला पुरुषांचे वाटतात. पहिल्यात जिंगूच्या सिनेमानंतर प्रश्नोत्तरं चालू असतात. प्रेक्षकांतली एक बाई सिनेमाचं सोडून थेट तिच्या मैत्रिणीबरोबरच्या त्याच्या जुन्या प्रकरणाचा जाब विचारते. त्यावर त्याची जी ततपप होते, ती चुकवू नका. (जिंगू झालाय ली सन-ग्यून, 'पॅरासाइट'मधला श्रीमंत घरमालक.) तिसऱ्यात बर्फामुळे वर्ग रिकामा, सर एकटेच बसलेले.

चौथा भाग मात्र ओकीचा, म्हणजे तिनं केलेला सिनेमा. सोलच्या आचासान डोंगरावर ती एकदा वयस्क माणसाबरोबर गेली होती, एकदा तरुणाबरोबर. वाट तीच, पार्किंगही तेच. एक तुकडा म्हाताऱ्याबरोबरचा, लगेच त्याच जागेवरचा तरुणाबरोबरचा, आणि मागून ओकीचा आवाज: इथे हा असं वागला, तो तसं. आवाज इतका कोरडा की प्रयोगवही वाचतेय वाटावं. पण दोन तुकडे शेजारी आले की त्यांच्या मधल्या फटीत तिचं प्रेम दिसायला लागतं. संकलन म्हणजे काय ते मला इथे कळलं.

आता तुमचा प्रश्न. शेवटाकडे ओकी सहज सांगून जाते की, खऱ्या माणसांसारखे दिसणारे नट तिनं निवडले. म्हणजे डोंगर चढणारे ते दोघं साँगसर आणि जिंगू नव्हेतच, त्यांच्यासारखे दिसणारे कुणीतरी. मग आधीच्या तीन भागांत आपण बघितले ते तरी कोण?

माझा कागद मी तिथेच चुरगाळला.