पॅन्क्रियाटायटिस झालेल्या कुत्रीला काय, किती आणि किती दिवस खायला द्यावे?

आपल्या ९ वर्षांच्या, १२ किलो वजनाच्या कॉकर स्पॅनियल कुत्रीला पॅन्क्रियाटायटिस (स्वादुपिंडाची सूज) झाला, तीन दिवस सलाईनवर ठेवून काल तिला घरी सोडले आणि चिठ्ठीवर आहाराबद्दल फक्त 'लो फॅट' एवढे दोनच शब्द आहेत, असे आपण लिहिले आहे. नेमके काय द्यायचे, किती द्यायचे आणि तिची आवडती दूध-पोळी पुन्हा कधी सुरू करता येईल, हे आपले प्रश्न आहेत. मी पशुवैद्य नाही. मात्र आमच्या सुंठी नावाच्या डॅक्सहुंडला हा आजार दोनदा झाला आणि गेली सहा वर्षे तिचे पथ्य मी सांभाळते आहे. त्या अनुभवातून आणि आमच्या डॉक्टरांनी वेळोवेळी समजावून सांगितलेल्या गोष्टींच्या आधारे सविस्तर लिहिते. आपल्या डॉक्टरांचे सांगणे यापेक्षा वेगळे असेल, तर त्यांचेच ऐकावे, कारण तिचे रिपोर्ट त्यांनी पाहिलेले आहेत.

आजार थोडक्यात समजून घेतला, की पथ्य पाळणे सोपे जाते. स्वादुपिंड जठराच्या खाली, लहान आतड्याच्या पहिल्या वळणाला लागून असते. चरबी आणि प्रथिने पचवणारे रस ते तयार करते. हे रस ग्रंथीत असेपर्यंत निष्क्रिय असतात आणि आतड्यात उतरल्यावरच कामाला लागतात. पॅन्क्रियाटायटिसमध्ये ते ग्रंथीतच सक्रिय होतात आणि स्वादुपिंड स्वतःलाच पचवू लागते. त्यातून सूज, असह्य पोटदुखी आणि उलट्या सुरू होतात. पूर्वी अशा कुत्र्यांना 'स्वादुपिंडाला विश्रांती' म्हणून दोन-चार दिवस उपाशी ठेवत असत. आता उलट्या औषधाने आटोक्यात आल्या, की थोडे थोडे अन्न लवकरच सुरू करतात, कारण आतड्याचे अस्तर पोटात येणाऱ्या अन्नावरच पोसले जाते. त्यामुळे 'अजून दोन दिवस लंघन घडू दे' असे कोणी प्रेमाने सुचवले, तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते करू नये.

आता प्रमाणाकडे येते. कुत्र्याला विश्रांतीच्या अवस्थेत दिवसाला किती कॅलरी लागतात, हे काढण्याची सोपी रीत अशी, की वजनाच्या किलोंना ३० ने गुणावे आणि त्यात ७० मिळवावेत. आपल्या १२ किलोच्या कुत्रीसाठी हा आकडा ४३० येतो. कातडे काढलेल्या, उकडलेल्या चिकन ब्रेस्टच्या १०० ग्रॅममध्ये साधारण १६० कॅलरी असतात आणि साडेतीन ग्रॅमच्या आसपास चरबी असते. शिजलेल्या २०० ग्रॅम पांढऱ्या भातात सुमारे २६० कॅलरी असतात आणि चरबी नावापुरती. म्हणजे १०० ग्रॅम चिकन आणि २०० ग्रॅम भात (दोन्ही वजने शिजल्यानंतरची) एवढ्यात तिची दिवसाची किमान गरज जवळजवळ भागते. पहिल्याच दिवशी एवढे देऊ नये. आम्ही पहिल्या दिवशी चौथा हिस्सा दिला, तोही सहा वेळांत विभागून, आणि उलटी होत नाही हे पाहून चार दिवसांत पूर्ण प्रमाणावर आलो. पाणीसुद्धा एकदम वाडगाभर पुढे न ठेवता थोडे थोडे, पण वारंवार द्यावे.

भात पेजेच्या जवळ जाणारा, गुरगुट्या असावा. चिकन साध्या पाण्यात उकडून त्या पाण्यासकट फ्रिजमध्ये ठेवावे. काही तासांनी वर पांढरा तवंग घट्ट होतो. तो चमच्याने संपूर्ण काढून टाकला, की खालचे पाणी भातात कालवायला चालते, आणि त्याच्या वासाने न खाणारे जनावरही तोंड लावते. फोडणी नको, मीठ नको, आणि कांदा-लसूण तर अजिबात नको, कारण त्यांनी कुत्र्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात. घर शाकाहारी असेल, तर स्किम्ड दुधाचे घरी केलेले पनीर हा बरा पर्याय आहे. येथे पिशवीवरचे शब्द नीट वाचावेत: फुल क्रीम दुधात किमान ६ टक्के, टोन्डमध्ये ३, डबल टोन्डमध्ये १.५ आणि स्किम्डमध्ये जास्तीत जास्त ०.५ टक्के स्निग्धांश असतो. घरात अंडी चालत असतील, तर उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग निर्धास्तपणे द्यावा, पिवळा मात्र काढून ठेवावा. एका बलकात सुमारे पाच ग्रॅम चरबी असते.

पाच ग्रॅम हा आकडा किरकोळ वाटतो, म्हणून पुढचा हिशेब मांडते. बरी झाल्यावर आपली कुत्री दिवसाला सुमारे ६०० कॅलरी घेईल असे धरू. या आजारात दर १००० कॅलरींमागे चरबी २० ग्रॅमच्या आसपास ठेवायची, हा बऱ्यापैकी कडक नियम पाळला, तर तिच्या वाट्याला दिवसभरात १२ ग्रॅम चरबी येते. एक लहान चमचा तूप म्हणजे पाच ग्रॅम. चीजच्या एका क्यूबमध्येही पाच-सहा ग्रॅम चरबी असते. भांड्यातले अन्न कितीही काटेकोर असले, तरी पोळीवरचे तूप आणि गोळी लपवायला घेतलेले चीज मिळून जवळजवळ दिवसाचा कोटा संपतो. 'थोडेसेच तर दिले' हे वाक्य आपल्या घरात माणसाच्या मापाने बोलले जाते, आणि १२ किलोच्या जिवाला ते माप लागू पडत नाही.

हे मी आमच्या घरातल्या अनुभवावरून सांगते. आमच्याकडे आठवड्याची साय विरजून, लोणी काढून तूप घरीच कढवतात. तूप गाळल्यावर पातेल्याच्या तळाशी जी तांबूस बेरी राहते, ती लहानपणी आम्ही साखर घालून खात असू. आम्ही मोठे झाल्यावर ते पातेले सुंठीच्या वाट्याला गेले. एका शनिवारी दुपारी तिने ते चाटूनपुसून लख्ख केले आणि रात्री तिला उलट्या सुरू झाल्या. पहाटे ती पुढचे पाय पसरून, छाती जमिनीला टेकवून आणि मागचा भाग वर ठेवून उभी होती. खेळायला बोलावताना कुत्री असेच वाकतात, त्यामुळे आम्हाला आधी बरेच वाटले. पण खेळातला वाक क्षणभराचा असतो आणि शेपूट हलत असते. सुंठी मिनिटभर तशीच राहिली, शेपूट खाली होती, आणि पोटाला हात लावताच ती कण्हली. ही पोटदुखीची खूण आहे, ती आपणही लक्षात ठेवावी. तो एक पातेलेभर खरवडच कारणीभूत होता असे कोणी सिद्ध करू शकणार नाही, कारण या आजारात पुष्कळदा नेमके कारण सापडतच नाही. तरी एकदम पोटात गेलेले तेलकट-तुपकट अन्न, लठ्ठपणा आणि रक्तातील वाढलेली चरबी यांचा या आजाराशी संबंध आहे, आणि आमच्याकडे त्यातल्या दोन गोष्टी नक्कीच होत्या.

दुसरा झटका सात महिन्यांनी आला. तेव्हा बेरी बंद होती, भांड्यात डॉक्टरांनी सांगितलेलेच अन्न होते, आणि मला काही केल्या कोडे सुटेना. सुंठी घरी आल्यावर मी फ्रिजवर एक कोरा कागद चिकटवला, दोऱ्याने पेन्सिल बांधली आणि घरातल्या प्रत्येकाला सांगितले, की तिला जे काही द्याल ते वेळेसकट लिहा, मी कोणाला एका शब्दानेही बोलणार नाही. आठ दिवसांत कागद भरला. शेंगदाण्याचे चार दाणे, बिस्किटाचा तुकडा, खोबऱ्याची कातळी, थालीपिठाची कड. आणि रोज, आबांच्या वळणदार अक्षरात, एकच नोंद: 'सकाळी पावणेसात. साय, अर्धा चमचा.' आबांनी काही लपवले नव्हते. दूध तापवून निवल्यावर तिला बोटभर साय द्यायची, हा त्या दोघांचा दिवसाचा पहिला व्यवहार होता, आणि साय म्हणजे 'फॅट' हे त्यांच्या मनातही आले नव्हते. पावणेसातची वेळ आम्ही मोडली नाही. आता आबा तिला काकडीची एक चकती देतात आणि ती पूर्वीइतक्याच आतुरतेने ओट्याखाली येऊन बसते. आपल्या घरीही हा कागद आजच लावावा, असे मी आग्रहाने सुचवते. पाहुणे येणार असतील, विशेषतः दिवाळीच्या फराळाच्या दिवसांत, तर त्यांना दारातच सांगावे. फराळात तळणाबरोबर मनुका-बेदाणेही असतात आणि ते कुत्र्यांच्या मूत्रपिंडांना घातक आहेत.

काकडीखेरीज उकडलेला दुधी किंवा लाल भोपळा, बिया काढलेले सफरचंद, उकडलेले गाजर आणि बिनमिठाचे चुरमुरे हे खाऊ म्हणून चालतात. गोळ्या देण्यासाठी उकडलेल्या रताळ्याची किंवा गुरगुट्या भाताची गोळी करावी. मटणाची नळी कायमची बंद ठेवावी, कारण आतला मगज म्हणजे बहुतांशी चरबीच.

चिकन-भात हा काही आठवड्यांचा आधार आहे, कायमचा आहार नाही. त्यात कॅल्शियम, काही क्षार आणि जीवनसत्त्वे अपुरी पडतात. पुढेही घरचेच द्यायचे असेल, तर पशुआहाराची जाण असलेल्या डॉक्टरांकडून पूरकांसह पाककृती बांधून घ्यावी. तयार खाद्य घेताना डॉक्टरांच्या सल्ल्याने रॉयल कॅनिनचे 'गॅस्ट्रोइंटेस्टायनल लो फॅट' किंवा हिल्सचे 'आय/डी लो फॅट' घेता येते. 'लो फॅट' हे दोन शब्द पाकिटावर डोळ्यांनी पाहावेत, कारण नुसत्या 'गॅस्ट्रोइंटेस्टायनल' खाद्यात चरबी कितीतरी जास्त असते आणि दुकानात पाकिटांची अदलाबदल सहज होते. कोरड्या आणि ओल्या खाद्याच्या टक्केवारीची थेट तुलनाही करू नये. डब्यातल्या ओल्या खाद्यावर चरबी ३ टक्के आणि पाणी ७८ टक्के लिहिले असेल, तर पाणी वजा जाता उरलेल्या २२ भागांत ३ भाग चरबी, म्हणजे साडेतेरा टक्क्यांहून अधिक होते. घरच्या अन्नावरून तयार खाद्यावर जाताना आठवडाभर दोन्ही मिसळून हळूहळू प्रमाण बदलावे.

किती दिवस, या प्रश्नाचे उत्तर तिच्या रक्तावर अवलंबून आहे. पुढच्या तपासणीला जाताना १२ तास उपाशीपोटी नेऊन ट्रायग्लिसराइड (रक्तातील चरबीचा एक प्रकार) मोजायला सांगावे. ते वाढलेले असतील किंवा झटका पुन्हा आला, तर कमी चरबीचे पथ्य जन्मभराचे समजावे. एकच झटका आला आणि रिपोर्ट चांगले असले, तर काही आठवड्यांनी डॉक्टर थोडी सूट देऊ शकतात. कॉकर स्पॅनियल ही या आजाराकडे कल असलेल्या जातींपैकी एक आहे, म्हणून आपल्या जागी मी सूट घेतली नसती. दूध-पोळीबद्दलही माझे उत्तर तेच आहे. कोरड्या फुलक्याचा चतकोर गरम पाण्यात किंवा तवंग काढलेल्या चिकनच्या पाण्यात भिजवून दिला, तर तिला पोळी मिळाल्याचे समाधान होते आणि आपल्यालाही.

तिचे वजन जास्त असेल, तर ते आठवड्याला एक-दोन टक्क्यांहून वेगाने उतरवू नये. दुखतेय असे वाटले, तरी माणसांच्या डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनच्या गोळ्या कदापि देऊ नयेत. त्यांनी पोटात रक्तस्राव होतो आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पाणीसुद्धा पोटात टिकत नसेल, उलटीत किंवा जुलाबात रक्त दिसले, हिरड्या पांढुरक्या किंवा डोळे पिवळसर झाले, श्वास जलद चालू लागला किंवा ती उठेनाशी झाली, तर सकाळची वाट न पाहता तिला घेऊन निघावे. तिच्या हिरडीचा नेहमीचा रंग आज, ती बरी असतानाच, उजेडात पाहून ठेवावा. बोटाने दाबून सोडल्यावर पांढरी झालेली जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी.

बरी झाल्यानंतरच्या महिन्यांतही दोन गोष्टींवर लक्ष असू द्यावे. खाणे चांगले असूनही वजन उतरत असेल आणि शी फिकट, चिकट व खूप होत असेल, तर पाचकरस कमी पडत असण्याची शक्यता असते आणि त्यावर एन्झाइमची पावडर मिळते. पाणी पिणे आणि लघवी एकाएकी वाढली, तर साखर तपासून घ्यावी, कारण इन्शुलिनही याच ग्रंथीत तयार होते. तिचे आजचे वजन आणि ट्रायग्लिसराइडचा आकडा मिळाला, की येथेच कळवावे. त्यानुसार रोजच्या ग्रॅमचा हिशेब मी आपल्याला मांडून देईन, आणि तो आपण डॉक्टरांना दाखवून घ्यावा.