घायाळ चतुर्दशीचे पान

प्रश्न : माझ्या आजोबांचे थोरले भाऊ सावंतवाडी संस्थानातून मराठा पलटणीत भरती झाले आणि १९४४ साली इटलीत मारले गेले. त्यांचे लग्न झालेले नव्हते. पुढे आजोबा डिचोलीला येऊन स्थायिक झाले. थोरल्या आजोबांचा खाकी गणवेशातला एक फोटो आणि एक पदक एवढेच घरात आहे. आजोबा त्यांच्याविषयी कधी बोलले नाहीत. माझे वडील घायाळ चतुर्दशीला त्यांचा म्हाळ करीत. गेल्या वर्षी वडील वारले आणि ते काम माझ्याकडे आले. आई त्या पानावर आंबाड्यांचे रायते न चुकता वाढते, कारण तिच्या सासूने तसे शिकवले. परंतु ज्यांना मी पाहिले नाही, वडिलांनीही पाहिले नाही, त्यांची आठवण काढतो असे म्हणताना आपण खोटे वागतो आहोत असे मला वाटते. मी काय करावे?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : आपला संकोच प्रामाणिक आहे, परंतु आपल्या वागण्यात खोटेपणा मला दिसत नाही. श्राद्धात पिता, पितामह आणि प्रपितामह अशा तीन पिढ्यांचा उच्चार होतो, आणि आपल्यापैकी किती जणांनी पणजोबांना पाहिलेले असते? महालयात तर चुलते, मामा, आत्या अशा कितीतरी नात्यांना स्थान आहे. शस्त्राने मृत्यू आलेल्यांसाठी भाद्रपद वद्य चतुर्दशी ज्यांनी राखून ठेवली, त्यांच्या मनात घरापासून दूर, एकटे गेलेलेच असावेत, असे मला नेहमी वाटते. शिवाय आपले थोरले आजोबा अविवाहित गेले, त्यामुळे त्यांच्यासाठी पान वाढणारे दुसरे घर नाही.

तरीही नुसत्या नावापाशी थांबू नये. आधी ते पदक पाहा, मात्र घासून चकचकीत करण्याचा मोह आवरा. दुसऱ्या महायुद्धातील भारतीय सैनिकांच्या पदकांवर बहुधा नाव आणि सैनिकी क्रमांक कोरलेला असतो, म्हणून त्याची कड आणि मागची बाजू भिंगाखाली तपासा. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने दोन्ही महायुद्धांतील सुमारे १७ लाख मृतांच्या नोंदी जपल्या आहेत आणि त्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. आडनावाने शोधून काही सापडले नाही तर सैनिकी क्रमांकाने शोधा, कारण भारतीय सैनिकांच्या नोंदींत आडनावाच्या जागी पुष्कळदा पहिलेच नाव असते आणि गावाचे नाव कारकुनाने जसे ऐकले तसे उतरलेले असते. नोंद मिळाली की मृत्यूची तारीख कळेल, आणि जुन्या पंचांगावरून तिथीही काढता येईल.

थडगे मात्र शोधू नका. इटलीत पडलेल्या अनेक हिंदू सैनिकांचे तेथेच दहन झाले आणि त्यांची नावे सांग्रो नदीकाठच्या व फोर्ली येथील दहनस्मारकांवर कोरली गेली. इतर अनेकांची कॅसिनो या गावातील स्मारकावर आहेत. १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या खोऱ्यात लढताना पडलेले, मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तरी त्यांचेही नाव कॅसिनोच्या त्याच स्मारकावर इतरांबरोबर आहे.

एका गोष्टीची काळजी घ्यावी, अशी माझी विनंती आहे. नोंदीत न सापडलेले शौर्य कल्पनेने भरून काढू नका. त्या युद्धात सुमारे ८७ हजार भारतीय सैनिक मृत्यू पावले आणि त्यांतील बहुतेकांच्या शेवटच्या क्षणांचे वर्णन कोणीही लिहून ठेवलेले नाही. आपल्या आजोबांच्या मौनाचा अर्थ लावण्याची घाईही करू नका. तेव्हा गोव्यावर राज्य करणारा पोर्तुगाल त्या युद्धात तटस्थ होता, त्यामुळे डिचोलीत ज्यांच्या घरात हेच दुःख आहे असे शेजारी त्यांना क्वचितच भेटले असतील, आणि ज्याची ओळख समोरच्याला नाही असे दुःख बोलून दाखवणे कठीण असते.

आता आपण पत्रात ओझरते लिहिलेल्या रायत्याविषयी. आपल्या आईला ते सासूने शिकवले. त्या सासूने, म्हणजे आपल्या आजीने, तरी त्या पानावर नेमके तेच का वाढावे? बहुधा तिलाही ते तिच्या सासूने सांगितले असावे, आणि ती सासू म्हणजे त्या सैनिकाची आई. तसे असेल, तर त्यांना प्रत्यक्ष ओळखणाऱ्या माणसाने त्यांच्याविषयी सांगितलेली, आपल्या घरात आजवर टिकलेली एकमेव गोष्ट म्हणजे हे रायते आहे. म्हणून येत्या चतुर्दशीपूर्वी आईजवळ बसून त्याची कृती लिहून घ्या : आंबाडे किती, गूळ किती, आणि मोहरी वाटून घालायची की फोडणीत.