पाहुणा घोडबंदर रोडवरून येतो

अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा वाचला. 'ठाण्यातली दहा प्रेक्षणीय स्थळं, एसी बस, दिवसभराची सहल.' चित्रं सुरेख काढली आहेस, पण ही बस रिकामी धावेल. बाहेरगावचा माणूस ठाण्याला सहलीसाठी येत नाही गं. तो लग्नाला येतो, दवाखान्यात येतो, नाहीतर गाडी बदलायला उतरतो. जानेवारी २०२५मध्ये नेरूळच्या स्टेडियमवर कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले, ती गर्दी बघून तू हुरळली आहेस, कळतंय मला. ती गर्दी गाण्यांची होती, गावाची नव्हे.

तुझं गिऱ्हाईक घोडबंदर रोडला तिसाव्या मजल्यावर राहतं. दहा वर्षं ठाण्यात काढून त्यानं तलावपाळी, म्हणजे मासुंदा तलावाचा काठ, फक्त दिवाळी पहाटेच्या रीलमध्ये पाहिलेली असते. त्याच्यासाठी एक संध्याकाळ बेत.

दहा ठिकाणं कशाला? मासुंदा तलावाच्या आसपासच भरपूर आहे: कौपिनेश्वराचं देऊळ, जांभळी नाक्याचा बाजार, १८९३पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय. आणि तो किल्ला, जो कुणाला किल्ला वाटतच नाही, कारण आत कारागृह आहे. पोर्तुगिजांनी तो १७३०मध्ये बांधायला घेतला आणि १७३७मध्ये मराठ्यांनी जिंकला. आत जाता येत नाही, हे पैसे घेण्याआधीच सांग. भिंतीबाहेर उभं राहून लोकांना पंधरा मिनिटं खिळवून ठेवता आलं, तर तू या धंद्यात टिकशील.

माझी एक फजिती सांगतो. देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला आली, ही गोष्ट स्टेशनवरच सांगायची म्हणून मी बारा जणांना संध्याकाळी साडेसहाला फलाटावर नेलं. साहिब, सिंध, सुलतान ही इंजिनांची नावं घेतोय तोवर कर्जत फास्ट आली आणि दोन पाहुणे थेट कल्याणला पोचले! तेव्हापासून ही गोष्ट रविवारी सकाळी.

आता पैशाचं. गडकरी रंगायतन १९७८चं. तिथे प्रयोग लागला की रंगमंचावर नट पाच दिसतात, पण नेपथ्य लावणारे, प्रकाशवाले, कपडेपट सांभाळणारे, टेम्पोवाला, बुकिंगच्या खिडकीवरचा माणूस, बाहेर गजरे विकणारी बाई, या सगळ्यांची चूल त्यावर पेटते. नाट्यगृह दुरुस्तीला बंद होतं तेव्हा हे मी जवळून पाहिलं. म्हणून तुझी फेरी प्रयोगाच्या वेळेला जोड. साडेपाचला चालायला सुरुवात, आठला पडदा, मध्यंतरात वडा. वीस माणसं, माणशी तीनशे, म्हणजे सहा हजार. तिकिटाचे वेगळे. त्यातून वाटेत पोवाडा म्हणणाऱ्या मुलाची नाइट, म्हणजे त्या कार्यक्रमाचं मानधन, आधी बाजूला काढ आणि त्याच रात्री हातात दे. 'तुझं नाव होईल' असं सांगून मला तरुणपणी दोन वर्षं फुकट राबवलं होतं. नाव झालं नाही. तू कुणाला असं सांगितलंस तर माझ्याकडे येऊ नकोस.

चेंदणी कोळीवाड्यात न्यायचं असेल तर आधी एकटी जा, मासळी विकत घे, मावश्यांशी बोल. त्या 'आण' म्हणाल्या तरच माणसं ने. कुणाच्या दारात मोबाइल रोखलेली वीस माणसं उभी करायची नाहीत. येऊरच्या डोंगरातल्या आदिवासी पाड्यांनाही तेच लागू. ऐरोलीची फ्लेमिंगोंची बोट भरतीच्या वेळा पाहून सुटते आणि ते काम वनखातं करतंच आहे, तू त्यात पडू नकोस.

रविवारी चार वाजता गडकरीच्या दारात भेट. नवा नकाशा पेन्सिलीनं काढून आण, आणि चपला चालायच्या घाल. आणि ते 'सर' बंद कर, काका म्हण.