कोंबडी फुग्यासारखी फुगली असेल तर आधी दाबून बघा

ताई, कुत्र्याच्या तोंडातून सोडवलेली तुमची कोंबडी तिसऱ्या दिवशी मानेपासून पंखापर्यंत फुगली आणि शेजारचे विष चढलं म्हणतायत, पण मला ती हवा वाटते. आमच्या चोपड्याच्या मळ्यात एक तांबडी तलंग (अजून अंड्यावर न आलेली कोंबडी) मुंगसाने धरली होती, जखम ज्वारीच्या दाण्याएवढी, पण दोन दिवसात असा फुगा झाला की माझ्या मायला बघवेना.

होतं काय, कोंबडीला फुफ्फुसांबरोबरच पातळ पडद्याच्या हवेच्या पिशव्या असतात, पार मानेपासून पोटापर्यंत. दात लागून किंवा दणक्याने एखादी फाटली की श्वासागणिक थोडी हवा कातडीखाली शिरते. बोटाने हळूच दाबा, मुरमुरे दाबल्यासारखं चुरचुरलं आणि फुगा हलका लागला तर हवाच. पण फक्त गळ्याखाली उजवीकडे कणकेसारखा गोळा असेल तर दाण्याची पिशवी तुंबलीय, पोटात पाणी डचमळत असेल किंवा शेपूट खाली टाकून जोर करत असेल (अंडं अडकलं की असं करतात) तर हवा काढायची सुई तिथे अजिबात लावू नका.

आमच्या डॉक्टरांनी पिसं बाजूला करून, स्पिरिट लावून, शीर नाही अशा ठिकाणी नवीन बारीक सुई आडवी टोचली, हवा फुस्सकन गेली. दुसऱ्या दिवशी परत भरली, तेव्हा घाबरू नका, आतलं भोक बुजेपर्यंत तसं होतं, आमचं तीनदा काढावं लागलं. थोडा फुगा असेल आणि ती खातपीत असेल तर तो आपोआपही जिरतो, उगाच टोचत बसायचं नाही.

पण तुमच्या केसमध्ये कुत्र्याचा दात आहे, बाहेरून छिद्र बारीक दिसतं आणि आत पू होतो, म्हणून अँटिबायोटिकसाठी उद्याच जनावरांच्या दवाखान्यात न्या, जाणं जमत नसेल तर 1962 ला, म्हणजे जनावरांच्या फिरत्या दवाखान्याला, फोन लावा. माणसाच्या गोळ्या अंदाजाने देऊ नका. औषध चालू असताना अंडी किती दिवस खायची नाही तेही विचारून घ्या. तोंड उघडं टाकून धापा टाकायला लागली किंवा तुरा जांभळा पडला तर उद्याची वाटच बघू नका.

तोवर तिला बाकीच्यांपासून वेगळी ठेवा, जखमेवर त्या चोची मारतात. आणि पत्र्याखाली नको हो, आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन, कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकूनच गार होते आणि हिचा तर श्वासच अडलाय. निंबाखाली ओलं पोतं टांगून डालं ठेवा, पाणी आणि दादर ज्वारीच्या भिजवलेल्या कण्या चोचीपुढे असू द्या. दाबल्यावर काय लागलं ते मात्र आज रात्रीच कळवा.