‘एक कॅरेट’च्या अंगठीत हिरा केवढा?

प्रश्न : सुनेला साखरपुड्यात घालायच्या अंगठीसाठी आम्ही रत्नागिरीत चौकशी केली. सराफांनी एक अंगठी ‘अठरा कॅरेटमध्ये एक कॅरेट’ अशी सांगितली. तिच्यात सात सारखे हिरे आहेत. दुसरीत ५० सेंटचा एकच हिरा असूनही किंमत तिचीच जास्त. असे का? – एक वाचक, मालगुंड

उत्तर : सोन्याचा कॅरेट शुद्धता दाखवतो, १८ कॅरेट म्हणजे २४ भागांत १८ भाग सोने. हिऱ्याचा कॅरेट मात्र निव्वळ वजन आहे : एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, म्हणजेच १०० सेंट. आपल्याकडे कुंपणावर वाढणाऱ्या गुंजेवर जसा तोळा बेतला होता (९६ गुंजांचा एक), तसे कॅरेट हे नाव भूमध्य समुद्राकाठच्या कॅरोब झाडाच्या बीवरून आले आहे.

आपल्याला सांगितलेला ‘एक कॅरेट’ ही सातही हिऱ्यांची बेरीज आहे. त्यातला प्रत्येक हिरा जेमतेम १४ सेंटचा भरेल. मोठा, निर्दोष कच्चा हिरा दुर्मीळ असल्याने हिरा जसा मोठा होतो तसा नुसता भावच नव्हे, तर कॅरेटमागचा दरही चढतो, आणि ५० सेंट, एक कॅरेट अशा ठरावीक टप्प्यांवर तो एकदम उडी घेतो. म्हणून ४७-४८ सेंटचा हिरा आहे का, हे अवश्य विचारावे. डोळ्यांना फरक कळत नाही, खिशाला कळतो.

वजनावरून आकाराचा अंदाज बांधताना मात्र जपावे. चांगला पैलू पाडलेला गोल हिरा एक कॅरेटचा असेल तर त्याचा व्यास सुमारे साडेसहा मिलिमीटर असतो, आणि अर्ध्या कॅरेटचा निम्मा नव्हे, तर पाच मिलिमीटरहून थोडा अधिक. तोच ५० सेंटचा हिरा ४.७ मिलिमीटरचा निघाला, तर वजन तळाशी खोल दडले आहे असे समजावे. त्याचे पैसे पडतात, पण कोंदणात ते दिसत नाही. प्रमाणपत्रावर ही मापे छापलेली असतात.

पावतीही नीट वाचावी. हिऱ्यासकट अंगठी ४.२० ग्रॅम भरली, तर ५० सेंटचे ०.१० ग्रॅम वजा करून सोन्याचा भाव ४.१० ग्रॅमवरच लागला पाहिजे, आणि घडणावळ टक्क्यांत असेल तर तीही त्याच सोन्यावर धरली आहे ना, हे पैसे देण्यापूर्वी विचारून घ्यावे.