जर्मन न्यायालयाने युरोपीय निकाल नाकारला, तर शेवटचा शब्द कोणाचा?

तुमचा प्रश्न: 2020 मध्ये जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने युरोपीय न्यायालयाचा निकाल धुडकावला, मग युरोपीय युनियनमध्ये वरचढ कायदा कोणाचा? आणि न ऐकणाऱ्या देशाला युनियनमधून हाकलता येतं का?

आपल्याकडे केंद्र-राज्यांचे कायदे भिडले तर कलम 254 आहे आणि वर एकच सर्वोच्च न्यायालय. तिथे शेवटचा शब्द आपलाच असं मानणारी दोन न्यायालयं आहेत, लक्झेंबर्गचं म्हणजे युरोपीय न्यायालय आणि कार्ल्सरूहचं म्हणजे जर्मनीचं घटनात्मक न्यायालय. लक्झेंबर्गने 1964 च्या कोस्ता खटल्यात युरोपीय कायदा श्रेष्ठ ठरवला. श्रेष्ठ म्हणजे राष्ट्रीय कायदा रद्द होत नाही, न्यायाधीश त्या प्रकरणापुरता तो बाजूला ठेवतो. इथेच बहुतेकांची गल्लत होते. कार्ल्सरूहचं म्हणणं वेगळं: युनियनला अधिकार मिळाले ते जर्मन राज्यघटनेच्या कलम 23 मधून. जेवढे दिले तेवढेच तिचे.

आता तो खटला. युरोपीय मध्यवर्ती बँक 2015 पासून सरकारी रोखे विकत घेत होती. कार्ल्सरूहने आधी नियमानुसार लक्झेंबर्गला विचारलं, 11 डिसेंबर 2018 ला उत्तर आलं की खरेदी वैध आहे. 5 मे 2020 ला कार्ल्सरूहने 7 विरुद्ध 1 मतांनी ते अमान्य केलं. कारण, महागाईचं उद्दिष्ट आणि बचतदार, भाडेकरू, निवृत्तिवेतन यांच्यावरचे परिणाम युरोपीय बँकेने तराजूत घातलेच नाहीत. पण युरोपीय बँकेवर या न्यायालयाचा हुकूम चालत नाही, म्हणून दोर आवळला तो बुंडेसबँकेचा, म्हणजे जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेचा: तीन महिन्यांत समर्थन दाखवलं नाही, तर तिने खरेदीतून बाहेर पडायचं.

प्रश्न सुटला तो कागदांवर. युरोपीय बँकेची कागदपत्रं बुंडेसबँकेमार्फत बर्लिनला पोचली, जुलैमध्ये जर्मन संसदेने समाधान नोंदवलं आणि खरेदी चालू राहिली. युरोपीय आयोगाने, म्हणजे युनियनच्या कार्यकारी मंडळाने, जून 2021 मध्ये जर्मनीविरुद्ध कारवाई सुरू केली. युरोपीय कायद्याचं श्रेष्ठत्व मान्य असल्याची हमी सरकारने दिल्यावर डिसेंबरमध्ये ती मिटवली. मला ही हमी कच्ची वाटते, कारण सरकारचा शब्द स्वतंत्र न्यायालयाला बांधत नाही. उद्या तोच वाद पुन्हा उभा राहू शकतो.

पोलंडचं उदाहरण यात मिसळू नका. तिथल्या न्यायाधिकरणाने ऑक्टोबर 2021 मध्ये खुद्द युनियन कराराच्या काही कलमांचा अर्थच घटनाबाह्य ठरवला. जर्मनीचं भांडण एका निर्णयाशी होतं.

आणि हकालपट्टीबद्दल: करारात तशी तरतूदच नाही. कलम 7 खाली मतदानाचा हक्क स्थगित करता येतो, बाहेर पडायचं ते कलम 50 वापरून, देशाने स्वतःहून.