उत्तर : तोक्योत कंपनी, पुण्यात टीम आणि मधले दहा टक्के

"भाषा येते, ग्राहक ओळखीचे आहेत, आता आणखी काय लागतं?" हे तुमचं वाक्य वाचून राहवलं नाही, म्हणून जरा लांबलचक लिहितोय. वय ४३, बी. ई., १८ वर्षांचा अनुभव, तोक्योत ५ वर्षं डिलिव्हरी हेड, जपानी भाषेची एन२ परीक्षा पास, पगार १ कोटी येनच्या वर, इंजिनिअर व्हिसा. मार्चअखेर राजीनामा द्यायचा, तोक्योत स्वतःची कंपनी काढायची आणि पुण्यात १२ जणांची टीम ठेवायची, असा तुमचा बेत. कंपनीची नोंदणी, हांको (शिक्का), वेबसाइट यांबद्दल काही सांगत नाही. ते शिहोशोशी (नोंदणीचे कागद करणारा व्यावसायिक) करून देतो आणि तुम्हाला जपानी येत असल्याने त्यात अडायचं काही नाही. अडतं ते भलतीकडेच.

आधीच सांगतो, मी झेइरिशी (जपानमधला कर सल्लागार) नाही आणि वकीलही नाही. खालचा प्रत्येक आकडा सही करण्याआधी तुमच्या झेइरिशीकडून आणि पुण्याच्या सीएकडून तपासून घ्या. आणि तेही लेखी. 'लेखी' का, ते खाली कळेल.

तुमची तोक्योची कंपनी पुण्याच्या कंपनीला दरमहा डेव्हलपमेंटचे पैसे देणार. त्या प्रत्येक रकमेतून १० टक्के कापून जपानच्या कर कार्यालयात भरावे लागतात. यालाच गेन्सेन चोशू म्हणतात. कोड पुण्यात लिहिला, टेस्टिंग पुण्यात झालं, पुण्यातलं कोणी नारिता विमानतळावर उतरलंही नाही, तरीही कापायचे.

हे कोणी सांगत नाही, त्यामागे कारण आहे. जपानच्या स्वतःच्या कायद्यात सेवा जिथे दिली जाते तिथलं ते उत्पन्न धरतात. त्यामुळे व्हिएतनामच्या टीमला पैसे देताना बहुतेक वेळा काही कापत नाहीत (सोबत कॉपीराइट विकत घेत असाल तर गोष्ट वेगळी). भारत-जपान कर करार मात्र वेगळा आहे. १९८९ च्या या कराराच्या बाराव्या कलमात रॉयल्टीच्या जोडीला 'तांत्रिक सेवांचं शुल्क' बसवलंय, आणि पैसे देणारा ज्या देशाचा रहिवासी त्या देशातलं ते उत्पन्न, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. देशी कायदा आणि करार यांत उत्पन्नाचं ठिकाण वेगळं निघालं तर करारातलं ठिकाण धरायचं, असं जपानचाच कायदा म्हणतो. २००६ च्या दुरुस्तीने दर १० टक्क्यांवर आला.

ज्या झेइरिशीकडचे बाकी ग्राहक व्हिएतनाम, फिलिपिन्सवाले, तो सवयीने "काम परदेशात झालंय ना, मग काही नाही" म्हणतो. मला असंच उत्तर मिळालं होतं, आणि तेही एका अशा कार्यालयातून जिथे हे माहीत असायलाच हवं होतं. तोंडी उत्तरावर विसंबलो, ही माझी सगळ्यात महाग चूक. कार्यालयाचं नाव विचारू नका. कागदावर काहीच नसल्यामुळे नंतर "आम्ही असं म्हणालोच नाही" हे त्यांना आरामात म्हणता आलं. जपानी उत्तम येत असण्याचा तोटा हा, की फोनवरचं उत्तर नीट समजतं आणि म्हणून ते खरंही वाटतं.

हिशोब बघा. दरमहा ३० लाख येन पुण्याला जाणार असतील तर ३ लाख कापायचे, २७ लाख पाठवायचे. कापलेच नाहीत आणि २० महिन्यांनी तपासणीत निघालं, तर ६० लाख मूळ कर, त्यावर १० टक्के दंड म्हणजे ६ लाख, वर उशिराचं व्याज. नोटीस येण्याच्या आत स्वतःहून भरलंत तर दंड ५ टक्के. आणि करारात "पुण्याला निव्वळ ३० लाख मिळतील" असं वाक्य असलं, तर ३० लाखांना ०.९ ने भागून ३३,३३,३३३ ही मूळ रक्कम धरतात आणि दरमहा कर ३,३३,३३३ होतो. दोन्ही कंपन्या आपल्याच, म्हणून करार दोन पानांत उरकू नका. कर कोणाच्या वाट्याचा, ते वाक्य त्यात हवंच.

कार्यपद्धती अशी. पहिलं पेमेंट करण्याच्या आदल्या दिवसापर्यंत कर कराराचा सवलत-अर्ज द्यायचा. तो पुण्याच्या कंपनीच्या नावाने असतो, पण तोक्योच्या कंपनीमार्फत तिच्या कर कार्यालयात जातो. तो नसेल तर दर १० नाही, २०.४२ टक्के. मागाहून अर्ज करून फरक परत मिळतो, पण तोवर रोकड अडकते. कापलेला कर पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत भरायचा. इथे आणखी एक खड्डा आहे. दहापेक्षा कमी नोकर असलेल्या कंपनीला पगारावरचा कापलेला कर सहा महिन्यांतून एकदा भरायची सवलत मिळते, आणि झेइरिशी ती पहिल्याच आठवड्यात घेऊन ठेवतो. ती सवलत परदेशी कंपनीला दिलेल्या पैशांना लागू नाही. त्याचं चलन वेगळं आणि ते दर महिन्याला.

आता तुम्ही म्हणाल, कापले तर कापले, भारतात वजावट मिळेलच. मिळते, पण पुरती नाही. जपान १० टक्के घेतं ते पूर्ण बिलावर आणि भारत कर लावतो तो नफ्यावर. पुण्याच्या प्रायव्हेट लिमिटेडला सवलतीच्या दराने सगळं धरून २५.१७ टक्के कर पडतो. १०० रुपयांच्या बिलात नफा १५ असेल तर भारतातला कर होतो पावणेचार रुपये. वजावट तेवढ्यापुरतीच. जपानला गेलेल्या १० पैकी सव्वासहा रुपये बुडाले, म्हणजे १५ च्या नफ्यातले सव्वासहा. १० च्या १० वसूल व्हायला नफा ४० टक्क्यांच्या आसपास हवा, आणि आपल्याच दोन कंपन्यांमध्ये तेवढा नफा पुण्याला दाखवलात तर ट्रान्सफर प्रायसिंगवाले (आपल्याच कंपन्यांमधले दर तपासणारे कर अधिकारी) दोन्ही बाजूंनी विचारायला येतील.

म्हणून ग्राहकाला दर सांगण्याआधी हा खर्च त्यात धरा. नंतर जपानी ग्राहकाकडे दरवाढ मागणं म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको. पुण्याची कंपनी मुख्य ठेवून तोक्योत तिची शाखा काढली तर हे गणित बदलतं, कारण शाखेवर नफ्याच्या हिशोबाने कर बसतो. पण नवख्या परदेशी कंपनीच्या शाखेशी करार करायला जपानी खरेदी विभाग कां-कू करतो. माझं मत तोक्योत काबुशिकी गाइशा (जपानी शेअर कंपनी) काढण्याच्या बाजूने आहे, तुमचा झेइरिशी वेगळं सांगेल कदाचित.

आता राजीनाम्याचं. मार्चअखेर देऊ नका. स्वतःची कंपनी चालवायला बिझनेस मॅनेजर व्हिसा लागतो, आणि १६ ऑक्टोबर २०२५ पासून त्याचे नियम पार बदललेत. भांडवल ५० लाख येन पुरायचं, ते आता ३ कोटी. शिवाय एक पूर्णवेळ नोकर हवा, आणि तो जपानी, कायम रहिवासी किंवा जपानी व्यक्तीचा जोडीदार अशा गटातला. तुम्हाला किंवा त्या नोकराला एन२ च्या पातळीचं जपानी यायला हवं. व्यवस्थापनाचा ३ वर्षांचा अनुभव किंवा मास्टर्स हवं. बिझनेस प्लॅन सीपीए (तिथला सीए), झेइरिशी किंवा लघुउद्योग सल्लागाराने तपासलेला हवा. घरच्या पत्त्यावर ऑफिस दाखवणंही आता जवळपास बंद.

शिवाय ३ कोटी भांडवलाची शेपूट लांब आहे. नोंदणीचा कर भांडवलाच्या ०.७ टक्के, म्हणजे २ लाख १० हजार येन. इथे गोदो गाइशा (एलएलसीसारखी साधी कंपनी) काढूनही काही वाचत नाही, तिलाही तोच दर. भांडवल १ कोटीच्या आत असतं तर नव्या कंपनीला पहिली दोन वर्षं उपभोग कराची (तिथल्या जीएसटीची) सूट मिळू शकली असती, तीही गेली. तोक्योच्या २३ वॉर्डांत तोटा झाला तरी भरावा लागणारा स्थानिक कर वर्षाला ७० हजारांऐवजी १ लाख ८० हजार.

कायम निवास असेल तर यातलं काहीच लागत नाही, १० लाखांत कंपनी काढा. हायली स्किल्ड व्हिसासाठी जपान गुण देतं, त्यात तुमचेच गुण मोजा : पदवी १०, दहा वर्षांवर अनुभव २०, १ कोटीवर पगार ४०, वयाचे शून्य, एन२ चे १०. झाले ८०. ८० गुण असतील तर एका वर्षाच्या वास्तव्यावर कायम निवासाचा अर्ज करता येतो, ७० असतील तर तीन. त्यासाठी हायली स्किल्ड व्हिसा हातात असावाच असं नाही. वर्षभरापूर्वीही ८० होते आणि आजही आहेत, हे कागदांनी दाखवता आलं पाहिजे. म्हणजे तुमच्या एन२ ची खरी किंमत या दहा गुणांत आहे, ग्राहकासमोरच्या केइगोत (आदरार्थी भाषेत) नंतर. मात्र निर्णय लागेपर्यंत नोकरी सोडायची नाही, कारण ८० पैकी ४० गुण त्या पगाराचे आहेत. तोक्योत वर्ष-दीड वर्ष धरून चला. नेन्किन (पेन्शन), आरोग्य विमा, रहिवासी कर यातला एकही हप्ता उशिरा भरलेला नसावा. उशीर झाला आणि मग भरला, हेही चालत नाही. दरम्यान इंजिनिअर व्हिसावर स्वतःच्या कंपनीचे शेअर घेता येतात, पण ती चालवता येत नाही. काहीजण बायकोच्या नावावर कंपनी काढून रात्री स्वतः चालवतात. तसं करू नका.

कराराच्या प्रकाराबद्दल थोडं, कारण डिलिव्हरी हेड असताना हे लीगलवाले बघायचे. तुमचा माणूस ग्राहकाच्या ऑफिसात बसणार आणि ग्राहकाचा मॅनेजर त्याला रोज काम सांगणार असेल, तर ते हाकेन (माणसं पुरवणं). कागदावर उकेओइ (ठरलेलं काम पूर्ण करून देणं) किंवा जुन-इनिन (सेवा देणं) लिहिल्याने सुटका होत नाही, त्याला गिसो उकेओइ (खोटं उकेओइ) म्हणतात. हाकेनच्या परवान्याला एका ऑफिसमागे २ कोटी येनची निव्वळ मालमत्ता, त्यात दीड कोटी रोख आणि २० चौरस मीटर जागा लागते. ते नसेल तर तोक्योत तुमचा एक लीड ठेवा आणि ग्राहकाच्या सूचना त्याच्यामार्फतच येऊ द्या. ग्राहकाच्या चॅट ग्रुपमध्ये पुण्याच्या बाराही जणांना घालू नका.

आणि केन्शू, म्हणजे ग्राहकाने काम तपासून स्वीकारणं. "महिनाअखेर बंद, पुढच्या महिनाअखेर पैसे" हे तुम्हाला पाठ आहे, पण घड्याळ केन्शूपासून चालू होतं हे कंपनीत असताना जाणवत नाही. एप्रिलचं काम, केन्शूचा शिक्का ७ मेला, म्हणजे ते मेच्या हिशोबात, पैसे ३० जूनला. पुण्याचे पगार मात्र ३० एप्रिललाच. तीन पगार हातात ठेवून सुरुवात करा. "केन्शू इतक्या दिवसांत झाली नाही तर झाली असं समजावं" हे वाक्य करारात घालून घ्या. जपानी ग्राहक त्याला सहसा हरकत घेत नाही, फक्त आधी विचारावं लागतं.

तुमचे "ओळखीचे ग्राहक" थेट करार करतीलच असं नाही, हेही गृहीत धरा. मोठ्या कंपन्या नव्या छोट्या कंपनीचं खातंच उघडत नाहीत. मध्ये एखादी कंपनी घालायला सांगतात आणि ती तिचा वाटा काढते. शिवाय सध्याच्या कंपनीच्या ग्राहक-करारात "यांची माणसं घ्यायची नाहीत" असं कलम आहे का, ते आत असतानाच वाचून ठेवा.

पुण्याची बाजू भराभर. शाखा नको, प्रायव्हेट लिमिटेडच हवी. एकाच कंपनीच्या दोन ठिकाणांमधला व्यवहार जीएसटीत निर्यात धरत नाहीत. दोन संचालक लागतात, त्यातला एक वर्षात १८२ दिवस भारतात राहणारा. भाऊ, मेव्हणा कोणीही चालेल, पण सही करायला उपलब्ध असणारा. भांडवल आल्यापासून ६० दिवसांत शेअर वाटप, वाटपापासून ३० दिवसांत रिझर्व्ह बँकेकडचा फॉर्म. एलयूटी (जीएसटी न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र) दर आर्थिक वर्षाला नव्याने.

तोक्योत स्वतःचा पगार वर्ष सुरू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत ठरवा आणि वर्षभर तोच ठेवा. मध्येच वाढवलात तर वाढीव भाग खर्चात धरत नाहीत. कंपनीत एकटेच असाल तरी पगार घेतल्यावर शाकाइ होकेन (सामाजिक विमा) लागतंच.

शेवटचं बारीक वाटेल, पण त्यात आठवडे जातात. कंपनीच्या नोंदवहीत संचालकाचं नाव रोमन लिपीत लिहीत नाहीत, काताकाना या जपानी लिपीत लिहितात. आपल्या पासपोर्टवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं सगळं असतं. कुलकर्णीचं एका कागदावर 'कुरुकारुनी', दुसऱ्यावर 'कुरुकरुनी', आणि बँकेच्या पासबुकात जागा संपली म्हणून वडिलांचं नाव अर्धंच. भांडवल ज्या वैयक्तिक खात्यात भरायचं तिथलं नाव आणि नोंदणीतलं नाव जुळत नाही म्हणून कागद परत येतो. आजच वॉर्ड ऑफिसातला रहिवासी दाखला काढा, त्यावर नाव कसं आहे ते बघा, आणि बँक, इनकान (नोंदवलेला शिक्का), नोंदणी सगळीकडे तेच अक्षर न् अक्षर द्या.